एक टोकण यंत्र, सहा पिकं: तिरप्या तबकडीचा आराखडा

काळीमाती

मिनी ट्रॅक्टरमागे चालेल असं टोकण यंत्र, म्हणजे दाणा-दाणा मोजून पेरणारं यंत्र, आखायला घेतलं आहे. हाताशी लेथ, वेल्डिंग आणि ड्रिल एवढंच, तेव्हा त्यात होईल असंच हवं. पिकं ठरलेली आहेत: खरिपात सोयाबीन, तूर, मूग, मका आणि रब्बीत हरभरा, ज्वारी. जमीन मध्यम ते भारी काळी.

आखताना एक नियम धरला आहे, तो आधी सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावरच उभं आहे. एका गरजेला एकच जुळवणी. दाण्याचा आकार बदलला तर फक्त तबकडी बदलायची. दोन दाण्यांतलं अंतर बदललं तर फक्त स्प्रॉकेट (चेनचं दातेरी चाक). दोन तासांतलं, म्हणजे पेरणीच्या ओळींतलं, अंतर बदललं तर क्लॅम्प, आणि खोली बदलली तर खोलीचं चाक. पीक बदलताना एक नट सैल केला की दुसरीच गोष्ट हलते, अशी रचना झाली की पेरणीच्या घाईत कोणी काही मापत नाही आणि मग उगवण बघून कपाळाला हात लावावा लागतो.

बियाणं सोडायला खाचदार रोलर घ्यायचा नाही असं ठरवलं. तो गव्हाला, ज्वारीला चालतो, पण बियाणं मोजून नाही तर ओतून सोडतो. शिवाय सोयाबीनचं साल पातळ, रोलर आणि कप यांच्यात दाणा दाबला की फुटतो. भोपाळच्या केंद्रीय कृषी अभियांत्रिकी संस्थेच्या टोकण यंत्रात तिरपी तबकडी आणि प्रत्येक तासाला स्वतंत्र पेटी आहे, तीच पद्धत धरतो. तबकडी जमिनीशी साधारण ४५ ते ५० अंशांत कललेली. खालच्या बाजूला बियाण्यात बुडते, खाचेत एक दाणा घेऊन वर येते, जादाचे दाणे आपल्याच वजनाने मागे घसरतात आणि माथ्यावर खाचेतला दाणा नळीत पडतो. दाणा ठोकून काढावा लागत नाही, म्हणून फूट कमी.

आता आकडे. तबकडी फिरवणारं जमिनीवरचं चाक ४० सेंमी व्यासाचं, म्हणजे परीघ १२५.७ सेंमी. चाक थोडं घसरतंच, तेव्हा प्रत्यक्षात एका फेऱ्यात १३६ सेंमी अंतर धरलं आहे. चाकावर १५ दात्यांचं स्प्रॉकेट कायम, तबकडीच्या दांड्यावर १६, २० आणि २६ दात्यांची तीन बदलायला. चेन सायकलची, अर्धा इंची. पेटीतले बेव्हल गिअर एकास एक.

दाण्यांतलं अंतर = १३६ × दांड्याचे दाते ÷ (१५ × तबकडीच्या खाचा)

सोयाबीनला ३६ खाचा आणि २० दाते: १३६ × २० ÷ ५४० = ५ सेंमी. हरभऱ्याला २४ खाचा आणि २६ दाते: ९.८ सेंमी. मुगालाही तेच आकडे, फक्त खाच लहान. मक्याला १२ खाचा, २६ दाते: १९.६ सेंमी. ज्वारीला १२ बारीक खाचा, २० दाते: १५ सेंमी. तुरीला ९ खाचा, २० दाते: २० सेंमी.

यात कुठे चूक दिसते का? तबकडी १५० मिमी धरली आहे.

लेथवाला

दादा, हिशोब बरोबर आहे. तबकडी करण्याबद्दल सांगतो.

खाचेचं माप बियाण्याच्या सर्वात लांब बाजूपेक्षा दहा टक्के जास्त. त्यासाठी पिशवीतून डोळे मिटून ५० दाणे काढायचे आणि व्हर्नियरने लांबी, रुंदी, जाडी तिन्ही मापायचं. सरासरीवर जाऊ नका, पन्नासातले मोठे दहा दाणे धरा. मोठा दाणा खाचेत बसला नाही तर नांगी (तासात रिकामी जागा) पडते, तर लहान दाण्यांमुळे फार तर एखाद्या ठिकाणी दोन पडतात. सोयाबीनचा मोठा दाणा ८ मिमीच्या आसपास भरतो, म्हणजे ९ मिमीची खाच. देशी हरभऱ्याला १० मिमी, मक्याला १३ मिमी, ज्वारीला ५ मिमी.

तबकडीची जाडी दाण्याच्या जाडीएवढी. इथेच बहुतेक जण फसतात, सगळ्या तबकड्या ६ मिमीच्या एकाच पट्टीतून कापतात. ज्वारीचा दाणा ६ मिमी जाड तबकडीत एकावर एक दोन बसतात. ज्वारीला आणि मुगाला ४ मिमी, मक्याला ५ मिमी, सोयाबीन आणि हरभऱ्याला ६ मिमी अशी वेगवेगळी पट्टी घ्या. जाडी बदलली तरी तबकडीची पाठ पेटीच्या तळपत्र्यापासून तेवढीच राहिली पाहिजे, म्हणून फरक वरच्या बाजूने वॉशर टाकून भरायचा, खालून नाही.

साहित्य नायलॉन. ॲल्युमिनियमही चालतं, पण कडा धारदार राहिल्या तर सोयाबीनचं साल कापते. आधी पट्टीवर १५० मिमीचं वर्तुळ आखून डिव्हायडिंग हेडवर (वर्तुळाचे सारखे भाग पाडून देणाऱ्या साधनावर) भोकं पाडायची, मग बाहेरून लेथवर इतकं कातायचं की प्रत्येक भोक कडेने उघडं होऊन इंग्रजी यू अक्षरासारखी खाच तयार होईल. आधी कातून मग भोकं पाडायला गेलात तर ड्रिल कडेला सरकतं आणि खाचा सारख्या येत नाहीत. वरच्या कडेला १ मिमी चॅम्फर (तिरपा उतार) द्या, दाणा लोळत खाचेत उतरतो. खालची कड सरळच ठेवा, चॅम्फर दिला तर तळपत्रा आणि तबकडीच्या फटीत दाणा पाचरीसारखा अडकतो.

ही फट अर्ध्या मिलिमीटरच्या वर नको. ज्वारीची आणि मुगाची फुटलेली डाळ तिथेच सापडते.

तास४५

१५० मिमीची तबकडी लहान नाही का होणार? २०० मिमीची केली तर ती हळू फिरेल आणि खाचा नीट भरतील.

काळीमाती

मलाही आधी तसंच वाटलं होतं, पण मांडून बघितलं तर उत्तर वेगळं येतं. ताशी ४ किमी म्हणजे सेकंदाला १११ सेंमी. ५ सेंमीवर एक दाणा, म्हणजे सेकंदाला २२ दाणे. ३६ खाचांच्या तबकडीत दोन खाचांच्या मध्यांमधलं अंतर १३ मिमी. कडेचा वेग = २२ × १३ = २८६ मिमी, म्हणजे सेकंदाला साधारण ०.२९ मीटर. या हिशोबात व्यास कुठेच येत नाही. तबकडी २०० मिमीची करून तेवढ्याच दाट खाचा ठेवल्या तर फेरे कमी होतात, पण कडेचा वेग तेवढाच राहतो. आणि खाच भरणं अवलंबून असतं ते कडेच्या वेगावर.

कडेचा वेग ०.३ मीटरच्या वर गेला की दाण्याला खाचेत बसायला वेळ मिळत नाही आणि रिकाम्या खाचा झपाट्याने वाढतात. मोठ्या तबकडीचा एक फायदा खरा, ती बियाण्यात जास्त लांबीपर्यंत बुडून राहते. पण पेटी रुंद होते, आणि ३० सेंमीच्या तासाला पेट्या एकमेकींना घासतात. म्हणून १५० वरच थांबलो.

वाफसा

तुमच्या आकड्यांत एक गोष्ट राहिली आहे, उगवणक्षमता. सोयाबीन ४५ × ५ सेंमीवर एकरी साधारण १ लाख ८० हजार दाणे होतात. शंभर दाण्यांचं वजन १२ ग्रॅम धरलं तर २१ ते २२ किलो. हे शंभर टक्के उगवणीला. घरच्या बियाण्याची उगवण ७५ टक्के आली तर तेवढीच रोपं मिळायला २९ किलो लागतील. एकरी ३० किलोची जी सवय आहे ती इथूनच आली आहे.

तेव्हा गोणपाटावर शंभर दाण्यांची उगवण तपासा आणि मगच स्प्रॉकेट ठरवा. १६ दात्यांचं लावलं तर अंतर ४ सेंमी येतं, एकरी साधारण २७ किलो. पण तुमच्याच नियमाने मग वेग कमी करावा लागेल: ४ सेंमीला ताशी ४ किमीवर कडेचा वेग ०.३६ मीटर होतो. ताशी ३.२ किमीवर तो परत ०.२९ वर येतो. ट्रॅक्टरवाल्याला किलोमीटर सांगून उपयोग नाही, सेकंद सांगा. बांधावर २० मीटरवर दोन काठ्या रोवायच्या. ताशी ४ किमीला १८ सेकंद, ३.२ किमीला साडेबावीस सेकंद.

आणि बीजप्रक्रिया. रायझोबियम गुळाच्या पाण्यात लावलेलं बियाणं सावलीत पूर्ण सुकल्याशिवाय पेटीत टाकू नका. चिकट दाणे खाचेत जोडीने बसतात आणि माथ्यावर सुटत नाहीत. तासाभराने तबकडीवर गुळाचा थर बसतो, त्यावर बुरशीनाशकाची पूड चिकटते आणि खाच लहान होते. दुपारी एकदा तबकडी काढून ओल्या फडक्याने पुसायची. टाल्क किंवा ग्रॅफाइटची पूड चिमूटभर मिसळली तर दाणे मोकळे राहतात.

चाडं

वाफसा ताईंनी सांगितलं ते पक्कं. मी तिफणीच्या बाजूने एक मुद्दा मांडतो, कारण नवीन यंत्र आखताना तो सुटतो.

चाड्यावर (तिफणीच्या बियाणं सोडायच्या पेल्यावर) मूठ धरणारी बाई ओल कमी दिसली की मूठ सैल करते, ढेकळं आली की थांबते, एखादी नळी तुंबली की तिला लगेच कळतं. यंत्रात हे बघणारं कोणी नाही. चार तासांतली एक नळी तुंबली तर वळणापर्यंत कळत नाही, आणि मातीने झाकलं गेलं की आठ दिवसांनी पट्टा रिकामा दिसतो. म्हणून आराखड्यात तीन गोष्टी पहिल्यापासून घाला. नळी पारदर्शक, आतून गुळगुळीत, ३२ मिमी. वळ्या असलेली लवचीक नळी नको, दाणा वळ्यांवर आपटत उतरतो आणि वर मोजून सोडलेलं अंतर खाली विस्कटतं. नळी शक्य तितकी उभी आणि आखूड. आणि प्रत्येक पेटीच्या माथ्यावर, दाणा जिथे सुटतो तिथे, काचेसारखी एक खिडकी.

पेटीत बियाण्याची पातळीही बघा. तबकडीच्या निम्म्याच्या वर बियाणं चढलं की जादाचे दाणे मागे घसरायला जागाच राहत नाही, खाचेबरोबर दाण्यांचा थर वर जातो आणि नळीत धार लागते. म्हणून एकाच पेटीत तबकडी आणि साठा नको. वर साठा, खाली तबकडीची छोटी कुंडी, मध्ये सरकता पत्रा. मक्याला पत्रा जास्त उघडा, ज्वारीला बोटभर. चढाच्या रानात यंत्र मागे कललं की कुंडीतलं बियाणं तबकडीच्या माथ्याकडे सरकतं, तिथे पत्रा आणखी बंद करायचा.

साठा किती? सोयाबीनचं १० लिटरला साधारण ७ किलो बसतं. चार पेट्यांत २८ किलो, म्हणजे एकदा भरलं की एकर.

काळीमाती

भाऊ, हे फार उपयोगी. साठा आणि कुंडी वेगळी करतो, आणि सरकत्या पत्र्यावर पिकांच्या खुणा कोरून घेतो.

आता तासांच्या अंतराकडे. यंत्राचा आडवा दांडा (तबकडी फिरवणारा नव्हे) ५० मिमी चौकोनी पाइपचा, २.१ मीटर लांब, फण आणि पेट्या यू-क्लॅम्पने सरकणाऱ्या. किती पेट्या ठेवाव्यात? चार की पाच?

तास४५

पाच. कारण ट्रॅक्टरची चाकं.

मिनी ट्रॅक्टरच्या मागच्या चाकांच्या मध्यांतलं अंतर ९० सेंमी धरा, म्हणजे यंत्राच्या मध्यापासून दोन्हीकडे ४५ वर चाकोरी. चार पेट्या ४५ सेंमीवर लावल्या तर तास पडतात २२.५ आणि ६७.५ वर, चाकोरी बरोबर दोन तासांच्या मध्ये. हे उत्तम. तेच चार तास ३० सेंमीवर आणले तर ते १५ आणि ४५ वर पडतात, बाहेरचे दोन्ही थेट चाकोरीत. दाबलेल्या काळ्या मातीत फण खोल जात नाही, दाणा वर राहतो आणि ते दोन तास मागे पडतात. पाच पेट्या केल्या तर मुगाला तास ०, ३० आणि ६० वर येतात, चाकोरी परत मध्ये. मक्याला ६० सेंमीवर तीन पेट्या, ० आणि ६०. तुरीला ९० वर तीन पेट्या, ० आणि ९०. दोनच पेट्या लावल्या तर त्या ४५ वर, म्हणजे पुन्हा चाकोरीत.

तरी चाकोरी मोडणारे दोन साधे फण ट्रॅक्टरच्या चाकांमागे, दांड्याच्या पुढच्या बाजूला लावायची सोय ठेवा. काही मांडण्यांत तास चाकोरीत येणं टळत नाही.

मार्करची (पुढच्या पट्ट्यासाठी जमिनीवर खूण ओढणाऱ्या दांडीची) लांबी मांडणीनुसार बदलते. पुढचा पट्टा किती अंतरावर = पेट्या × तासांचं अंतर. चार पेट्या ४५ वर म्हणजे १८० सेंमी. ट्रॅक्टरचा मध्य खुणेवर ठेवून चालवायचा असेल तर मार्कर यंत्राच्या मध्यापासून १८० वर. पुढचं चाक खुणेवर चालवायचं असेल तर १८० वजा ४५, म्हणजे १३५ वर. मार्करच्या पाइपवर ही भोकं आधीच पाडून त्यांच्या शेजारी पिकाचं नाव पंच करा.

लेथवाला

यू-क्लॅम्पचा पाइप गोल घेऊ नका. चौकोनी दांड्यावर चपटा क्लॅम्प आणि मागून टेकू प्लेट, दोन बोल्ट. एका बोल्टचा क्लॅम्प दगड लागला की फिरतो आणि तास वाकडा जातो.

रब्बीची ओल

आंतरपिकाचा विचार केला आहे का? स्वतंत्र पेट्यांचा खरा फायदा तिथे आहे. सोयाबीन आणि तूर एकाच वेळी, एकाच दांड्यावरून. तुमच्या आकड्यांत ते आपोआप बसतं: स्प्रॉकेट २० दात्यांचंच, सोयाबीनच्या पेटीत ३६ खाचांची तबकडी म्हणजे ५ सेंमी आणि तुरीच्या पेटीत ९ खाचांची म्हणजे २० सेंमी. दुसरं काही हलवायचं नाही.

फक्त पेट्यांची मांडणी कागदावर काढून बघा, कारण यंत्र वळून उलटं येतं. चार पेट्यांत उजव्या टोकाला तूर लावली तर मनात ३:१ (सोयाबीनचे तीन तास, तुरीचा एक) येतं, पण शेतात तसं होत नाही. जाताना तूर उजवीकडे. वळून आल्यावर यंत्राची उजवी बाजू आधीच्या पट्ट्याकडे असते, म्हणजे तुरीशेजारी तूर. पुढच्या वळणावर सोयाबीनशेजारी सोयाबीन. हाती येतं ६:२.

शिफारशीतलं ४:२ हवं असेल तर तीनच पेट्या चालवा: दोन सोयाबीन आणि एका टोकाला तूर. जाता येता दोन तुरी एकत्र येतात आणि त्यांच्यामध्ये सोयाबीनचे चार तास. तीन पेट्या ०, ४५ आणि ४५ वर येतात, म्हणजे बाहेरच्या दोन चाकोरीत, तेव्हा वर सांगितलेले चाकोरी मोडणारे फण इथे लागतीलच. पट्टा १३५ सेंमीचा, मार्कर त्याप्रमाणे.

काळीमाती

६:२ चा हिशोब वाचून वही काढली आणि तीन पट्टे आखून बघितले. अगदी तसंच येतंय. धन्यवाद, हे सुटलं असतं.

वाफसा

फणाबद्दल कोणीच बोललं नाही. काळ्या रानात यंत्र अडतं ते तिथेच.

रुंद फण माती दोन्हीकडे उलथतो, ओली माती वर येते आणि कोरडी खाली जाते. रब्बीत तर हे नकोच, हरभरा आणि ज्वारी ओलीवर टेकले पाहिजेत. अरुंद, बुटासारखा फण घ्या, आणि मागची नळी खाली सरळ न कापता मागच्या बाजूने तिरपी कापा, म्हणजे पुढची कड मातीत आणि तोंड मागे उघडं. सरळ कापलेल्या तोंडात यंत्र टेकवताना ओल्या मातीचा बोळा बसतो.

तो बोळा टाळायचे तीन नियम, चालवणाऱ्याला पाठ करून द्या. ट्रॅक्टर चालत असतानाच यंत्र खाली सोडायचं. थांबायच्या आधी उचलायचं. फण मातीत असताना एक वीतभरही मागे घ्यायचं नाही.

खोली: सोयाबीन ३ ते ४ सेंमी, त्याच्या खाली गेलं आणि वरून पावसाने पापुद्रा धरला की कोंब मान मोडून तिथेच अडकतो. मका ४ ते ५. हरभरा आणि रब्बी ज्वारी ओलीप्रमाणे ५ ते ७. खोलीची चाकं दांड्याच्या दोन्ही टोकांना, आणि ट्रॅक्टरची लिफ्ट तरंगती ठेवायची. लिफ्टवर खोली धरली तर ट्रॅक्टर सरीत उतरला की सगळे फण एकदम खाली जातात.

वाफसा (पेरणीजोगी ओल) आल्याशिवाय हे यंत्र रानात घालू नका. मूठभर माती दाबून गोळा केला आणि कमरेच्या उंचीवरून सोडला तर तो फुटला पाहिजे. नुसता चपटा झाला तर अजून एक दिवस थांबा. तिफण जरा ओल्या रानात निभावते, कारण तिला चाकं नाहीत. या यंत्राला जमिनीवरचं चाक आहे आणि त्यावर माती चढते.

चाडं

चाकावर माती चढण्याचा परिणाम आकड्यांत सांगतो. ४० सेंमीच्या चाकावर सगळीकडून २ सेंमी चिखल बसला की व्यास ४४ झाला. परीघ १२५.७ वरून १३८ सेंमी, म्हणजे दर फेऱ्याला दहा टक्के जास्त अंतर आणि दहा टक्के कमी बियाणं. चाकाला पत्र्याची खरवडपट्टी लावा, कंगोऱ्यांपासून ५ मिमी अंतरावर. कंगोरे उभ्या पट्टीचे, २५ मिमी उंच. त्यांच्यामध्ये जागा मोकळी ठेवा, बंद ड्रम केला तर चिखल धरून बसतो. आणि हे चाक ट्रॅक्टरच्या चाकोरीत किंवा तासावर नको, दोन तासांच्या मध्ये, स्प्रिंगने दाबलेलं.

आर्डुइनो_बुलढाणा

चेन आणि स्प्रॉकेटऐवजी प्रत्येक पेटीला छोटी मोटर लावली तर? अंतर बटणावर बदलेल, तीन स्प्रॉकेट लागणार नाहीत.

काळीमाती

विचार केला होता. ताशी ४ किमीला सोयाबीनची तबकडी मिनिटाला ३७ फेरे घेते, एवढ्या कामाला छोटी गिअर मोटर पुरते. पण मोटरलाही वेग कुठून तरी कळायला हवा, म्हणजे जमिनीवरचं चाक आलंच, आणि त्याच्या घसरण्याची चूकही तशीच आली. त्या पाच मोटरी, बॅटरी आणि तारा धुळीत आणि पावसात सांभाळायच्या. पेरणीचे दिवस मोजके असतात. चेन तुटली तर सायकलच्या दुकानात मिळते, मोटर जळली तर तालुक्याला जावं लागतं.

मात्र तुमचा हात एका जागी हवा आहे. नळीत इन्फ्रारेड एलईडी आणि समोर सेन्सर बसवून, दाणा पडणं थांबलं की ट्रॅक्टरवर दिवा आणि बझर. चाडं भाऊंनी सांगितलेल्या तुंबलेल्या नळीला हे खरं उत्तर आहे. दाणे मोजायचे नाहीत, फक्त अर्धा सेकंद काहीच पडलं नाही एवढंच ओळखायचं. तुरीला आणि मक्याला दाणा २० सेंमीवर पडतो, तिथे पाऊण सेकंद धरा, नाहीतर लागोपाठ दोन नांग्या पडल्या तरी बझर वाजेल.

आर्डुइनो_बुलढाणा

हे जमेल. सेन्सरवर धूळ बसते, तेव्हा तो नळीच्या वरच्या टोकाला, तबकडीच्या जवळ लावू. बीजप्रक्रियेची पूड तिथेही येईल, म्हणून दर भरणीला पुसायला उघडता येईल असं झाकण देतो.

रब्बीची ओल

खताचा भाग लांबवू नये, पण दोन गोष्टी. खताचा फण बियाण्याच्या फणापासून ५ सेंमी बाजूला आणि ५ सेंमी खोल. डीएपी किंवा युरिया सोयाबीनबरोबर एकाच नळीतून सोडू नका, दाण्याला खत चिकटून राहिलं तर ओलीत कोंब जळतो. खताची पेटी प्लॅस्टिकची किंवा स्टेनलेसची. साध्या पत्र्याला आणि बोल्टला खत एका हंगामात खातं, संध्याकाळी पेटी रिकामी करून धुवायची. खताला खाचदार रोलर चालतो, आणि त्याची चेन बियाण्याच्या दांड्यापासून वेगळी, नाहीतर स्प्रॉकेट बदललं की खताचं मापही बदलेल. तुमचा एका गरजेला एक जुळवणीचा नियम इथे पहिल्यांदा मोडतो, म्हणून सांगितलं.

काळीमाती

बरोबर, खताला वेगळं स्प्रॉकेट देतो.

आता मोजणी. रानात जायच्या आधी असं करायचं ठरवलं आहे. यंत्र जॅकवर उचलायचं, पेट्या भरायच्या, चाक हाताने ५ फेरे फिरवून कुंडी भरून घ्यायची. मग प्रत्येक नळीखाली पिशवी बांधून ३३ फेरे, सावकाश, दोन सेकंदाला एक फेरा. चार पेट्या ४५ वर म्हणजे १.८ मीटर रुंदी. ३३ फेरे गुणिले १.३६ मीटर गुणिले १.८ म्हणजे ८१ चौरस मीटर, एकराचा पन्नासावा भाग. सोयाबीनला २० दात्यांवर प्रत्येक पिशवीत साधारण ८९० दाणे, १०७ ग्रॅम यायला हवेत. चारही मिळून ४२८ ग्रॅम, गुणिले ५० म्हणजे २१ किलो ४०० ग्रॅम.

लेथवाला

चार पिशव्यांत आपसात किती फरक चालेल तेही ठरवा. वजनात पाच टक्क्यांच्या वर फरक आला तर ती पेटी उघडा. कमी येत असेल तर बहुतेक वेळा तळफट किंवा सरकता पत्रा. जास्त येत असेल तर कुंडीची पातळी. आणि पिशवीत फुटलेले दाणे मोजा. सोयाबीनच्या शंभरात एकापेक्षा जास्त फुटला तर तबकडीच्या कडा बोटाने चाचपा, कुठेतरी चॅम्फर द्यायचा राहिला असेल.

वाफसा

जॅकवरचा आकडा अर्धाच. १३६ सेंमी तुम्ही धरलेले आहेत, मोजलेले नाहीत. रानात चाकाच्या एका कंगोऱ्याला रंग लावा, यंत्र खाली सोडून भरलेल्या पेट्यांसह चालवा आणि दहा फेऱ्यांचं अंतर टेपने मोजा. १३ मीटर ६० आलं तर तुमचा हिशोब बरोबर. १४ मीटर २० आलं तर सोयाबीन ५ ऐवजी ५.२ वर पडेल. प्रत्येक रानात, आणि त्याच रानात पाऊस पडून गेल्यावर, परत मोजा.

मग पेरलेल्या तासात दोन मीटर माती हाताने, बोटभर बोटभर, बाजूला सारून दाणे उघडे करा आणि टेप लावा. सोयाबीनला अडीच सेंमीच्या आत दोन दाणे आले तर ती जोडी, साडेसातच्या पुढे अंतर गेलं तर ती नांगी. चाळीस दाण्यांत जोड्या आणि नांग्या किती, हे प्रत्येक तासाचं वेगळं लिहा. जोड्या जास्त असतील तर पातळी किंवा जाडी, नांग्या जास्त असतील तर वेग. दोन्ही जास्त असतील तर नळी.

तास४५

तबकड्यांना रंग द्या, किंवा मधोमध पिकाचं नाव आणि स्प्रॉकेटचे दाते कोरा. "हरभरा २४ / २६" असं. मुगाची आणि हरभऱ्याची तबकडी दोन्ही २४ खाचांच्या आहेत, घाईत पेटीवर झाकण बसलं की ओळखू येणार नाही.

काळीमाती

कोरून घेतो. मुगाची ४ मिमीची आणि हरभऱ्याची ६ मिमीची, तेव्हा वॉशरही त्याच खिळ्यावर तबकडीबरोबर तारेने बांधून ठेवतो, नाहीतर तळफट चुकेल. पहिल्या दोन तबकड्या सोयाबीन आणि तुरीच्या करतो आहे. नायलॉनची ६ मिमी पट्टी आली आहे. लेथवाला भाऊ, तुरीचा मोठा दाणा ६.५ मिमी भरला, म्हणजे खाच ७ ची घेऊ की ७.५ ची?

लेथवाला

७ ची ड्रिल मारा आणि जॅकवर फिरवून बघा. रिकाम्या खाचा शंभरात पाचाच्या वर गेल्या तर रीमरने ७.५ करता येईल. मोठी झालेली खाच लहान करता येत नाही. आणि तुरीला पट्टी ५ मिमीची घ्या, ६ ची नको.